ॲपच्या टॅबवर मराठी फॉन्ट कसा बसवावा

समजा, निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांसाठी ॲप बनवायचे आहे. खालच्या पट्टीत चार टॅब: मुख्य, भाव, हवामान, खाते. आयकॉन झाले, रंग झाले, आता लेबलांना चांगला फॉन्ट द्यायचा. इंग्रजी लेबलात इथे चूक झाली तर फार तर ते बेढब दिसते. मराठीत मात्र 'सुरगाणा' या गावाच्या नावातला उकार कापला गेला की सरगाणा होतो.

पुढची कृती फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनाची आहे, बाकीच्या साधनांतले फरक शेवटी दिले आहेत. कोडमधली नावे इथे देवनागरीत लिहिली असली, तरी टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत आणि सलग लिहायची.

फॉन्ट निवडताना

रोबोटो किंवा माँटसेराट ॲपला लावला, तरी मराठी लेबले त्यात दिसणार नाहीत, कारण त्या फॉन्टांत देवनागरी नाहीच. फोन काहीही न सांगता स्वतःकडचा देवनागरी फॉन्ट वापरतो आणि आपल्याला वाटते की काम झाले. म्हणून फॉन्टमध्ये देवनागरी आहे ना, हे आधी पाहावे. मुक्ता, हिंद, पॉपिन्स, बालू २ आणि नोटो सान्स देवनागरी यांत ती आहे. हे सगळे खुल्या परवान्याचे असल्याने विकाऊ ॲपमध्येही चालतात. डीटीपीतले जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट घेऊ नयेत, त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात.

टॅबसाठी मुक्ता चांगला. त्याची सात वजने, म्हणजे अक्षरांच्या जाड्या, मिळतात, पण दोनच घ्यावीत: साध्या टॅबला ५०० आणि निवडलेल्या टॅबला ७००. ४०० चे वजन टेबलावर छान दिसते, पण बागेत भर उन्हात १२ आकाराच्या अक्षरांच्या रेषा पुसट वाटतात.

फाइल जोडणे

प्रकल्पात 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर करून फॉन्टच्या दोन्ही टीटीएफ फाइली त्यात ठेवा. प्रकल्पाच्या 'पबस्पेक' या मांडणीच्या फाइलमध्ये 'फ्लटर' विभागाखाली 'फॉन्ट्स' लिहा. त्याखाली फॅमिलीचे नाव, प्रत्येक फाइलचा मार्ग आणि तिचे वजन द्या. प्रत्येक पातळीला दोन मोकळ्या जागा सोडायच्या; टॅबची कळ दाबली तर फाइल वाचलीच जात नाही. ७०० ची फाइल जोडायची राहिली, तर ७०० मागितल्यावर फ्लटर साधे अक्षरच कृत्रिमपणे जाड करतो. त्यात 'ष्ठ', 'द्ध' यांच्या पोकळ्या बुजतात.

फाइलच्या नावातले लहान-मोठे अक्षर तंतोतंत जुळवा. विंडोजवर चालून गेलेली चूक लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरवर अडते. नवी फाइल जोडल्यावर हॉट रीलोडवर (चालू ॲपमध्येच बदल दाखवण्याच्या सोयीवर) विसंबू नका. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा चालवा.

फॉन्ट इंटरनेटवरून उतरवून देणारे पॅकेजही आहे. करून पाहायला ते ठीक. पण पेठ-सुरगाण्याच्या घाटात रेंज नसताना ॲप पहिल्यांदा उघडले, तर लेबले फोनच्याच फॉन्टमध्ये दिसतील. फाइल ॲपसोबतच द्यावी.

लेबलाची स्टाईल

मटेरियल ३ या गूगलच्या डिझाइन पद्धतीतल्या 'नेव्हिगेशनबार'साठी (खालच्या पट्टीसाठी) थीममधल्या 'नेव्हिगेशनबारथीम'मध्ये 'लेबलटेक्स्टस्टाईल' ठरवायची. इथे थेट 'टेक्स्टस्टाईल' चालत नाही, 'विजेटस्टेटप्रॉपर्टी' लागते. तिच्या 'रिझॉल्व्हविथ'मध्ये टॅब निवडलेला असेल तर ७००, नसेल तर ५०० वजन परत करा. मूळ स्टाईल या वेळी अख्खी बदलली जाते, म्हणून रंगही स्वतःच द्यावा. पार्श्वभूमीशी त्याचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर किमान ४.५ : १ हवे.

आता खरी मेख. मटेरियल ३ च्या लेबलात दोन अक्षरांमध्ये ०.५ चे जादा अंतर मूळचेच असते. रोमन अक्षरांना ते शोभते, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटू शकते. 'लेटरस्पेसिंग' शून्य करा, आणि ते लिहूनच करा. नुसते सोडून दिले तर वरच्या स्टाईलचे अंतर खाली उतरते.

मग उंची. आकार १२ आणि 'हाइट' १.४ ठेवली की ओळ १६.८ ची होते. १.० वर 'त्र्यं'चा अनुस्वार वर आयकॉनच्या पट्टीला भिडतो आणि उकाराला खाली जागा उरत नाही. सोबत 'लीडिंगडिस्ट्रिब्यूशन' 'ईव्हन' करा, म्हणजे वाढीव जागा वर-खाली सारखी वाटली जाते.

बारची मूळ उंची ८० असते. ती ५६ वर आणायचा मोह डिझायनरला हमखास होतो. आयकॉनमागचा लंबगोल ३२ चा, त्याखालची मोकळी जागा ४. म्हणजे उरतात २०. साध्या आकारात लेबल मावते, पण वाचकाने फोनमध्ये अक्षर १.३ पट केले की ओळ जवळपास २२ ची होते आणि मावत नाही. उंची ७२ च्या खाली नेऊ नये. बारभोवती 'मीडियाक्वेरी'चे 'विथक्लॅम्प्डटेक्स्टस्केलिंग' लावून कमाल मर्यादा १.३ ठेवा. अक्षर वाढणे साफ बंद करणे हा मात्र चष्मा लावणाऱ्यांवर अन्याय आहे.

जुना 'बॉटमनेव्हिगेशनबार' वापरत असाल तर दोन गोष्टी. निवडलेल्या लेबलाचा आकार १४ आणि बाकीच्यांचा १२ असतो, त्यामुळे बोट लागले की शब्द उडी मारतो. दोन्ही १२ करा. चार किंवा जास्त टॅब झाले की न निवडलेल्यांची लेबले गायब होतात. 'टाइप' 'फिक्स्ड' केला की परत येतात.

मराठी वळणाचा ल आणि श

राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढून अक्षरांची मराठी वळणे ठरवून दिली. काही फॉन्टांत ती वळणे असतात, पण मजकूर मराठी आहे हे कळले तरच ती दिसतात. फ्लटर ॲप मुळात फक्त अमेरिकन इंग्रजी धरून चालते. 'सपोर्टेडलोकेल्स'मध्ये मराठी घाला आणि 'फ्लटर लोकलायझेशन्स'चे डेलिगेट जोडा.

'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द 'शेतकर्यांसाठी' असा दिसला, तर फॉन्टला दोष देऊ नका. तिथे नुक्त्याचा ऱ टाइप व्हायला हवा होता.

तपासणी

लेबलांच्या जागी तात्पुरते हे शब्द टाका: त्र्यंबकेश्वर, सिंहस्थ, सुरगाणा, दिंडोरी. जोडाक्षर, वेलांटीवरचा अनुस्वार, उकार, ओकार सगळे यात येते. फॉन्ट खरेच लागला का, अशी शंका असेल तर क्षणभर बालू २ लावा. अक्षरे गुबगुबीत झाली नाहीत, तर फॅमिलीचे नाव चुकले आहे. ३६० रुंदीच्या फोनवर पाच टॅब झाले तर प्रत्येकाला ७२ च मिळतात. तेव्हा अक्षर बारीक करण्यापेक्षा शब्द छोटा करावा: 'बाजारभाव'ऐवजी 'भाव', 'मुख्यपृष्ठ'ऐवजी 'मुख्य'. लासलगावच्या बाजारातही भावच विचारतात.

इतर साधनांत

रिॲक्ट नेटिव्हच्या ॲपांत वापरल्या जाणाऱ्या रिॲक्ट नेव्हिगेशनमध्ये 'टॅबबारलेबलस्टाईल'मध्ये 'फॉन्टफॅमिली' द्यायची. अँड्रॉइड फाइलचे नाव पाहतो, आयफोन फॉन्टचे पोस्टस्क्रिप्ट नाव. दोन्ही एकच ठेवले की भांडण मिटते. 'लाइनहाइट' कमी पडली तर इथे मात्रा सरळ छाटल्या जातात.

अँड्रॉइडच्या मूळ 'बॉटमनेव्हिगेशनव्ह्यू'साठी फाइलच्या नावात लहान रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच चालते. नव्या आवृत्त्यांत निवडलेले लेबल आपोआप ठळक होते. तुमची ठळक फाइल आधीच दिली असेल, तर 'आयटमटेक्स्टअपिअरन्सॲक्टिव्हबोल्डएनेबल्ड' बंद करा.

आयफोनवर 'यूआयटॅबबारअपिअरन्स'मध्ये 'स्टॅक्ड', 'इनलाइन' आणि 'कॉम्पॅक्ट इनलाइन' या तिन्ही मांडण्यांना फॉन्ट द्या, नाहीतर फोन आडवा धरताच तो नाहीसा होतो. आयओएस १५ पासून तेच रूप 'स्क्रोलएजअपिअरन्स'लाही द्यावे लागते.