गावातल्या मेथॉडिस्ट चॅपलचा इतिहास कसा शोधायचा

मेथॉडिस्ट म्हणजे अठराव्या शतकात जॉन वेस्लीने सुरू केलेला प्रॉटेस्टंट पंथ, आणि चॅपल म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर. इंग्लंडच्या खेड्यातलं मेथॉडिस्ट चॅपल ओळखायला सोपं असतं: मनोरा नाही, उतरतं छप्पर, दर्शनी भिंतीवर त्रिकोणी माथ्याखाली पंथाचं नाव आणि साल कोरलेला दगड. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. दगडावरचं साल हेच चॅपलच्या जन्माचं साल असं ते धरून चालतात. ते पुष्कळदा दुसऱ्या इमारतीचं, कधी वाढवलेल्या दर्शनी भागाचं, तर कधी शेजारच्या रविवारच्या शाळेचं असतं. म्हणून आधी इमारतीला पूर्ण फेरी मारा. पुढची भिंत घडीव विटांची आणि बाजूच्या भिंती ओबडधोबड दगडाच्या असतील, तर दोन्ही एकाच काळातल्या आहेत असं गृहीत धरू नका. तळाशी आद्याक्षरं कोरलेल्या विटा किंवा दगड दिसले तर ते एकेक करून टिपा. ती सहसा देणगीदारांची असतात.

मग पंथाची शाखा ठरवा. हे ठरल्याशिवाय दफ्तरात शिरू नका, कारण प्रत्येक शाखेची कागदपत्रं वेगळी. मूळ शाखा वेस्लियन, म्हणजे वेस्लीच्या अनुयायांची. १७९७ मध्ये तिच्यातून न्यू कनेक्शन ही शाखा फुटून निघाली. १८०७ च्या माऊ कॉप टेकडीवरच्या मेळाव्यातून पुढे प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट उभे राहिले. शेतमजुरांच्या आणि खाणकामगारांच्या वस्त्यांत त्यांचा जोर होता. डेव्हन-कॉर्नवॉलकडे १८१५ पासून बायबल ख्रिश्चन. १९३२ मध्ये वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड मेथॉडिस्ट (न्यू कनेक्शन, बायबल ख्रिश्चन वगैरे आधीच एकत्र येऊन झालेली शाखा) एक झाले. एकाच गावात दोन चॅपल का, याचं उत्तर बहुधा या फाटाफुटीत मिळतं. एक बंद का पडलं, याचं उत्तर मात्र १९३२ नंतरच्या कागदांत शोधा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट पाहता येतात. पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) नकाशात चॅपलची शाखा बहुधा लिहिलेली असते.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे ३० मार्च १८५१ च्या धार्मिक गणनेचा अर्ज. तो लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एचओ १२९’ या मालिकेत आहे. इमारत कधी बांधली, ती स्वतंत्र आहे का, फुकट बसायच्या जागा किती, सकाळ-दुपार-संध्याकाळची उपस्थिती किती आणि सही कुणाची, हे सगळं एका पानावर मिळतं. तीनही वेळांचे आकडे मात्र बेरजेला घेऊ नका, कारण तीच माणसं दोनदा यायची. रविवारच्या शाळेतली मुलं वेगळी मोजलेली असतात. शिवाय तो दिवस मदरिंग संडेचा होता. त्या दिवशी माणसं आईवडिलांच्या गावी जात, त्यामुळे आकडा नेहमीपेक्षा वेगळा असू शकतो.

इमारतीआधीचा काळ हवा असेल तर परगण्याच्या दफ्तरात सभास्थानांचे दाखले मागा. १८५२ पूर्वी ते बिशपकडे किंवा क्वार्टर सेशन्सच्या न्यायालयात नोंदवले जात. अमक्याचं राहतं घर, तमक्याचं कोठार, अशी नोंद सापडली की मंडळी जमायला केव्हा लागली हे कळतं. जमिनीचं विश्वस्तपत्रही शोधा. १७३६ च्या कायद्याने ते सहा महिन्यांत लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात नोंदवावं लागे, म्हणून मूळ प्रत हरवली तरी ‘सी ५४’ मालिकेत नक्कल मिळू शकते. त्यात विश्वस्तांची नावं व्यवसायासह असतात: चांभार, सुतार, शेतमजूर. चॅपल कुणी उभं केलं हे याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही. फक्त जमीन घेतल्याची तारीख बांधकामाची म्हणून लिहू नका.

बाप्तिस्म्याची नोंद चॅपलच्या नावाने मिळाली नाही म्हणून थांबू नका. ती बहुधा सर्किटच्या, म्हणजे पंधरा-वीस गावांच्या मंडळाच्या, एकाच वहीत असते. १८३७ च्या सुमारास सरकारजमा झालेल्या वह्या ‘आरजी ४’ मध्ये आहेत. दफनाची नोंद हवी असेल तर पॅरिश चर्चकडे, म्हणजे गावच्या अँग्लिकन चर्चकडे, जा, कारण बहुतेक चॅपलांना स्वतःचं कब्रस्तान नव्हतं. आणि सर्किटचं तिमाही प्रवचन-पत्रक जरूर पाहा: कोणत्या रविवारी कोणत्या चॅपलला कोण जाणार, याचा तो तक्ता. अंकाचा क्रमांक आणि तारीख लागोपाठ लावत गेलात, की ज्या तिमाहीत तुमच्या गावाचं नाव तक्त्यातून गळतं, तिथे बंद पडण्याच्या तारखेच्या जवळ पोहोचता.

मुंबई-पुण्यातल्या मेथॉडिस्ट चर्चसाठी ही वाट उपयोगी नाही. ती चर्चं अमेरिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल शाखेतून आली, तेव्हा त्यांचे कागद अमेरिकेतल्या मिशनच्या दफ्तरांत शोधा.