आधी दरड, मग दप्तर: खान्देशातल्या दगडखदानीच्या तपासणीची तयारी

खाण सुरक्षेच्या खात्यात नव्याने रुजू झालेल्या आणि धुळे, जळगाव, नंदुरबार हा पट्टा वाट्याला आलेल्या निरीक्षकांसाठी हे लिहितो आहे. तपासणीच्या छापील याद्या तुम्हाला मिळतीलच. बहुतेक याद्यांत रजिस्टरं वर असतात आणि खदान खाली. मी क्रम उलटा धरतो. खदानीवर पोचलं की आधी दरड, म्हणजे खदानीची उभी कापलेली बाजू, बघायची, मग माणसांशी बोलायचं, मग यंत्रं आणि शेवटी दप्तर उघडायचं. तुम्ही येणार हे कळल्यावर कागद एका रात्रीत तयार होतात. दरड एका रात्रीत तयार होत नाही. सगळी तयारी या क्रमाला धरून करा.

सुरुवात आदल्या दिवशी, टेबलावर. खदानीची फाइल काढा आणि मागच्या नोटिशीतले मुद्दे वहीत उतरवून घ्या. प्रत्येक मुद्द्यापुढे तो खदानीच्या कोणत्या बाजूचा आहे ते लिहा, नाहीतर जागेवर गेल्यावर ‘उत्तरेकडची भिंत’ कोणती यावर मेट (कामावर देखरेख करणारा) आणि मालक दोन दिशांना बोट दाखवतात. गट नंबरचा नकाशा आणि उपग्रहाची जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवून बघा. खड्डा कोणत्या दिशेला वाढला, रस्ता, वस्ती, विजेची लाइन, विहीर किती जवळ आली, हे घरबसल्या कळतं. 1952 च्या खाण कायद्याची जागा घेण्यासाठी 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता आणली गेली आहे. त्यामुळे नोटिशीत कोणतं कलम लिहायचं ते निघण्याआधी पक्कं करा. चुकीच्या कलमाची नोटीस वकिलाच्या पहिल्या पत्रात पडते आणि दगड मात्र तिथेच लटकत राहतो.

एक गोष्ट आधीच समजून घ्या, कारण खदानीवर तुम्हाला ती हमखास ऐकवली जाईल: ‘साहेब, आमची लहान खदान, तुमचा कायदा आम्हाला नाही.’ 1952 च्या कायद्यात मुरूम, वाळू, बांधकामाचा दगड, खडी अशा खनिजांच्या उघड्या खदानींना सूट होती, पण तीन अटींवर. खोली कुठेही 6 मीटरच्या वर नको, एका दिवशी 50 पेक्षा जास्त माणसं कामाला नकोत आणि स्फोटकं वापरायची नाहीत. तिन्ही अटी एकत्र पाळल्या तरच सूट. खान्देशातल्या काळ्या दगडाच्या खदानीत सुरुंग लागतोच, तेव्हा तिथे वादच नाही. खरा प्रश्न मुरमाच्या खड्ड्यांचा. तिथे सुरुंग नसतो, माणसंही चार-सहाच, पण रस्त्याचं काम जोरात असलं की खड्डा बघता बघता 6 मीटरच्या खाली जातो. म्हणून मुरमाच्या खड्ड्यावर जाताना टेप विसरू नका. आणि सूट असली तरी निरीक्षकाचा प्रवेशाचा अधिकार आणि 18 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्याची मनाई, ही कलमं त्या खदानींनाही लागू ठेवलेली होती.

आता पिशवी. हेल्मेट, बूट, चमकणारं जाकीट, गॉगल, धुळीचा मास्क हे अंगावर. पिशवीत 30 मीटरचा टेप, लेझरचं अंतरमापक, उतार मोजायला क्लिनोमीटर, भूवैज्ञानिकाचा हातोडा, खुणेसाठी रंगाचा स्प्रे, शिट्टी, कार्बन घातलेलं नोटीसबुक आणि पेन्सिली. पेन्सिली अशासाठी की घामाच्या हाताने शाईचं पान वाचण्यासारखं राहत नाही. लेझर घ्याच, कारण दरडीची उंची तिच्या पायथ्याशी उभं राहून मोजायची नसते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि काळ्या दगडाच्या खड्ड्यात वारा नसतो. पाण्याचा मोठा जार, ओआरएस आणि डोक्याला मोठा रुमाल हवा. सकाळी सातला खदानीवर पोचा. डबाही घरचाच न्या. कळण्याची भाकर आणि ठेचा दुपारपर्यंत छान राहतो. खदानमालक प्रेमाने शेवभाजीचं जेवण सांगतील, नम्रपणे नाही म्हणा. दुपारी तुम्ही कोणाच्या ताटावर बसलात हे खडी भरणाऱ्या प्रत्येक बाईला दिसतं, आणि त्यानंतर ती तुम्हाला काही सांगत नाही.

दगडाची ओळख ही तयारीतली सर्वांत मोठी बाब, तिच्यावर वेळ घालवा. आपल्याकडचा दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. कोरडा असताना तो घट्ट दिसतो, पाऊस लागला की साबणासारखा होतो आणि त्याच्यावरचा दगड पुढे सरकू लागतो. दरडीत तांबडा पट्टा दिसला तर त्यातून पाणी झिरपतं का, पट्ट्याचा उतार खड्ड्याकडे आहे की मागे, हे पहिल्यांदा टिपा. धुळे-नंदुरबारकडे आणखी एक प्रकार आहे, डाइकचा. जमिनीत उभ्या भेगेतून वर आलेला लाव्हा तिथेच गोठून लांबच लांब भिंतीसारख्या टेकड्या झाल्या आहेत. हा दगड चिवट, खडीला चांगली मागणी, म्हणून लोक भिंतीच्या लांबीनेच खणत जातात. मागे उरते ती अरुंद, खोल चर, आणि माणूस दोन उभ्या कडांच्या मध्ये काम करतो. डाइकमधल्या भेगा बाजूच्या कडांना काटकोनात, म्हणजे बऱ्याचदा आडव्या असतात. त्यामुळे दगड सुटला की त्याच्यामागचे दोन-तीन घेऊनच येतो. अशा चरीत बाहेर पडायच्या वाटा किती आणि त्या कामाच्या जागेपासून किती लांब, ते चालून बघा.

दरडीवर जाताना आधी वरच्या अंगाने जा. कडेपासून लांब राहून कडेला समांतर चालत जमीन बघायची. तडा दिसला की वाकून नीट बघा. जुन्या तड्याच्या कडा बोथट असतात, आत धूळ, पालापाचोळा, कधी कोळ्याचं जाळं असतं. ताज्या तड्याच्या कडा धारदार, आतली माती ओलसर आणि गडद, आणि त्यातून गेलेलं गवताचं मूळ ताणलेलं किंवा नुकतंच तुटलेलं दिसतं. असं मूळ दिसलं तर पुढचं काही बघण्याआधी खालची माणसं बाजूला काढा. तड्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर लिहून ठेवा. निघताना पुन्हा मोजा.

मापं पाठ हवीत. 1961 च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्सप्रमाणे (कोळसा आणि तेल सोडून बाकी खाणींचे नियम) माती, मुरूम, गाळ अशा मऊ थरात बाजू 45 अंशांपेक्षा जास्त उभ्या नकोत, नाहीतर टप्पे पाडायचे, टप्प्याची उंची दीड मीटरच्या वर नाही आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नाही. कठीण दगडात टप्पा 6 मीटरपर्यंत. कडेपासून 3 मीटरच्या आत झाड, सुटा दगड, राडारोडा नको. खालून कोरून वरचा भाग लोंबता ठेवायला सक्त मनाई. आपल्याकडे सर्वांत जास्त मोडतो तो मुरमाचा नियम. सगळ्यांचं लक्ष खालच्या दगडाकडे असतं आणि त्याच्यावरचा दोन-तीन पुरुष उंचीचा मुरूम सरळ उभा सोडलेला असतो, त्याच्या काठावर बाभळ. पावसाळ्यात आधी तो येतो. टप्प्यावर हाताला लागेल तिथे हातोडा मारून बघा. अखंड दगड खणकन वाजतो, मागून सुटलेला बद्द वाजतो. हा आवाज शिकायचा तर एखाद्या जुन्या वडार कारागिराजवळ उभे राहा. त्यांच्या कानाला जे कळतं ते कोणत्याही पुस्तकात मिळालेलं नाही.

माणसांशी बोलण्याची तयारी आधीच करावी लागते. सातपुड्याकडून, धडगाव-अक्कलकुवा-शिरपूरच्या पाड्यांतून आलेले पावरा आणि भिल्ल मजूर असतील तर त्यांची बोली जाणणारं कोणीतरी सोबत घ्या, आणि तो माणूस मालकाचा मुकादम नको. बाकी ठिकाणी अहिराणी चालते. ‘सुरक्षितता आहे का?’ असं विचारलं तर ‘हो साहेब’ हेच उत्तर येणार, कारण प्रश्न रोजगाराचा आहे. त्याऐवजी कालचं विचारा. काल सुरुंग किती वाजता उडवला, तेव्हा तुम्ही कुठे उभे होता, गेल्या पावसात कोणत्या बाजूने दगड आले. ‘भाऊ, आठे सुरुंग कव्हय लावतस?’ (इथे सुरुंग कधी लावतात?) एवढं विचारलं तरी माणूस बोलता होतो. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर जॅकहॅमर चालवणाऱ्याकडे नीट बघा. पापण्या पांढऱ्या आणि तोंडाला साधा रुमाल असेल तर सुरुंगाची होल कोरडी मारली जातात, पाणी वापरत नाहीत, हे त्याने न सांगता कळतं. छातीची तपासणी शेवटची कधी झाली ते त्यालाच विचारा, दप्तरातली तारीख नंतर ताडून बघा. पिण्याच्या पाण्याची मडकी मोजा. नियम माणशी किमान 2 लिटरचा आहे. आपल्या वैशाखात 2 लिटर सकाळी दहापर्यंत संपतं, तेव्हा जास्त पाणी आणि सावलीचा मांडव यांचा आग्रह धरा, कागदावर लिहून धरा.

सुरुंगाच्या बाबतीत ब्लास्टरचं प्रमाणपत्र आणि त्याचा चेहरा एकच आहे का, इथून सुरुवात. मग स्फोटाआधी कोण कुठे पहारा देतं, ते त्या जागी जाऊन बघा. धोक्याचं क्षेत्र किमान 500 मीटर धरायचं, आणि आपल्याकडे त्या 500 मीटरांत बऱ्याचदा कपाशीचं किंवा केळीचं शेत असतं. त्या शेतात निंदणाऱ्या बायकांना भोंगा ऐकू जातो का, त्यांना कोणी उठवायला जातं का, हे बांधावर जाऊन विचारा. उडालेल्या दगडाचे पुरावे तिथेच सापडतात. केळीच्या पानांवर गोल फाटलेली भोकं आणि सरीत पडलेला ताज्या तोंडाचा काळा दगड मिळाला, तर त्याचं खदानीपासूनचं अंतर मोजून वहीत घाला. मारलेली होल मोजा, रंगाने खूण करा आणि आकडा लिहून ठेवा, हा आकडा दप्तराच्या वेळी लागणार आहे. जुन्या होलच्या उरलेल्या बुडख्यात पुन्हा ड्रिल घालण्याची सवय दिसली तर काम तिथल्या तिथे थांबवा. आत न फुटलेला माल राहिलेला असू शकतो.

डंपरसाठी मागे येताना वाजणारा भोंगा, हँडब्रेक आणि रस्त्याच्या खोल बाजूचा बांध, एवढं तरी हवंच. वाटेचा चढ 16 ला 1 (16 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर) पेक्षा तीव्र नको.

क्रशरवर खडी वाहणाऱ्या पट्ट्याच्या शेपटाकडच्या ड्रमची जाळी बघा. सांडलेली कच फावड्याने काढायला बायका तिथेच वाकतात, आणि ओढणीचं टोक जायला एवढीशी फट पुरते. जाळी असणं पुरेसं नाही, तिचे बोल्ट बघा. बोल्टवर बाकी यंत्राइतकाच गंज आणि धूळ बसली असेल तर जाळी रोज असते. बोल्ट चकचकीत आणि आजूबाजूला ताजं ग्रीस असेल तर ती आज सकाळी चढली. धूळ कुठे जाते हे बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंची पिकं पुरतात, पान बोटाने पुसून बघा. क्रशरजवळ झोळीत मूल असेल तर झोळी कुठे हलवायची ती जागा दाखवूनच पुढे जा.

आता दप्तर. हजेरीपट काढा आणि सकाळी मोजलेली माणसं त्यात शोधा. महिनाभराची हजेरी एकाच शाईत, एकाच हाताच्या एका बैठकीत भरलेली ओळखू येते. स्फोटकांच्या वहीतला खप आणि तुम्ही मोजलेली होल जुळवा. वैद्यकीय तपासणीच्या तारखा जॅकहॅमरवाल्याने सांगितलेल्याशी ताडा. किती ब्रास दगड निघाला, रॉयल्टी भरली का, हा विषय महसूल आणि खनिकर्म खात्याचा आहे. त्यात पडू नका. मालक मुद्दाम त्या वादाकडे नेतात आणि दुपार निघून जाते.

हे खातं 1902 मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, कोलारच्या सोन्याच्या आणि बलुचिस्तानातल्या खोस्तच्या कोळशाच्या खाणींतल्या मोठ्या अपघातांनंतर, आणि 1908 मध्ये धनबादला गेलं. मोठ्या खाणींना युनियन आहेत, सुरक्षा अधिकारी आहेत. आपल्या दगडखदानीतल्या मजुराला यातलं काही नाही, त्याच्यासाठी वर्षाकाठी एखाद्या सकाळी तुम्ही येता. म्हणून नोटीस जागेवरच लिहा, मराठीत लिहा. ‘पुरेशी काळजी घ्यावी’ असली वाक्यं नकोत. पूर्वेच्या कडेला बाभळीपासून किती मीटरवर, किती उंचीचा मुरूम, कोणत्या तारखेपर्यंत किती उतार, असं लिहा. तातडीचा धोका असेल तर त्या भागात माणूस लावायला लेखी मनाई करा आणि ती हद्द स्प्रेने आखून द्या. मग नोटीस मेटला मोठ्याने वाचून दाखवा, मजूर ऐकतील अशा अंतरावर. एक प्रत मालकाला, एक मजुरांच्या सावलीच्या जागी लावायला. निघण्याआधी तड्यावरच्या खुंट्या पुन्हा मोजा. पुढच्या भेटीची तारीख पहिल्या दमदार पावसानंतरच्या आठवड्यात धरा आणि ती तुमच्या वहीतच ठेवा, मालकाला सांगू नका.