दिव्यांग मुलाला घेऊन थीम पार्कला निघालात? सवलतीच्या तिकिटात या चुका टाळा

आमच्या थोरलीला सेरेब्रल पाल्सी आहे. धरलं तर चार पावलं चालते, पुढं व्हीलचेअर. टीव्हीवर पाण्याची घसरगुंडी दिसली की पंधराव्या वर्षीही टाळ्या पिटते. तिला पहिल्यांदा थीम पार्कला नेलं तेव्हा सवलतीच्या खिडकीपाशी आम्ही पाऊण तास उभे होतो, आणि शेवटी चारही तिकिटं पूर्ण पैशांत काढली. कागद नव्हते असं नाही, कागदांची पिशवीच होती. पण नेमका हवा तो कागद त्यात नव्हता, आणि निघण्याआधी फोनवर विचारायचं ते विचारलं नव्हतं. त्यानंतर आमच्या बेळगाव भागातल्या वडगाव, शहापूर, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच पालकांशी बोलणं झालं. सगळे त्याच दोन-चार ठिकाणी अडकतात. ती ठिकाणं इथं सांगतो.

‘सवलत आहे का?’ एवढंच विचारून फोन ठेवणं

आपल्याकडून जायचं म्हणजे बंगळुरूजवळ बिडदीचं वंडरला, म्हैसूरचं जीआरएस, नाहीतर खोपोलीचं इमॅजिका. बेळगावहून बंगळुरू पाचशे किलोमीटरच्या घरात, खोपोली चारशेच्या आसपास. एवढ्या लांबून पोर घेऊन गेलेला माणूस खिडकीवरून परत फिरत नाही. जे मागतील ते भरतो. म्हणून सगळी चौकशी घरूनच करायला हवी.

एक गोष्ट आधी स्वच्छ करून घेऊया. दिव्यांगांना करमणुकीत इतरांच्या बरोबरीनं भाग घेता यावा यासाठी सरकारनं पावलं उचलावीत, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. पण खासगी पार्कानं तिकिटात अमुक टक्के सूट द्यावी असं तो कायदा कुठं सांगत नाही. म्हणजे सवलत हे त्या त्या पार्कचं स्वतःचं धोरण. ते दर हंगामाला बदलू शकतं. शेजारच्यांना गेल्या मे महिन्यात मिळाली म्हणून तुम्हाला दिवाळीत मिळेलच असं धरून चालू नका.

फोनवर ‘हो, आहे’ म्हणाले की पुढं विचारा: सवलत दिव्यांग व्यक्तीला की सोबत्याला? इंग्लंडमधल्या कित्येक पार्कांत दिव्यांग व्यक्ती पूर्ण तिकीट काढते आणि सोबत्याला मोफत सोडतात. ज्यांची मुलं तिकडं नोकरीला आहेत ते एकदा हे बघून येतात, आणि इथंही तसंच असेल या हिशेबानं निघतात. इथं एखाद्या ठिकाणी उलटं असू शकतं, मुलाला सूट आणि आईला पूर्ण पैसे. मग विचारा की ४० टक्के अपंगत्व पुरतं की जास्त लागतं, आणि तिकीट ऑनलाइन काढायचं की खिडकीवरच. शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. घाईत साधं तिकीट ऑनलाइन काढून टाकतात, आणि तिथं गेल्यावर कळतं की सवलत फक्त खिडकीवर होती. काढलेल्या तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. फोनवर मिळालेली उत्तरं एका ईमेलमध्ये लिहून पार्कला पाठवा आणि ‘बरोबर आहे का?’ असं विचारा. आलेला जबाब मोबाईलमध्ये ठेवा. खिडकीवरचा माणूस नवीन असला तर तो जबाब दाखवता येतो.

सोबत्याचा कागद न नेणं

आमचा खरा घोळ इथं झाला. खिडकीवरच्या मुलीनं पोरीचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, उलटंसुलटं करून पाहिलं आणि हिंदीतून विचारलं, ‘यात अटेंडंट लागतो असं कुठं लिहिलंय?’ मी कार्ड हातात घेऊन शोधायला लागलो. नव्हतंच लिहिलेलं. बायको म्हणाली, ‘ओ, पोरीकडं बघा की, दिसत नाही का?’ पण खिडकीला कागद लागतो.

युडीआयडी कार्डावर अपंगत्वाचा प्रकार असतो, टक्केवारी असते, मुदत असते. रंगावरूनही कळतं: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या मध्ये पिवळं, ८० आणि त्यावर निळं. सोबतीला माणूस लागतो की नाही, याची नोंद त्यावर नसते. कायद्यात सांभाळ करणाऱ्याची व्याख्या आहे. पैसे घेऊन किंवा न घेता आधार देणारी कुणीही व्यक्ती, आणि त्यात आईवडील आणि घरचे लोकही आले. पण ती व्याख्या कार्डावर उतरलेली नाही.

ही नोंद ज्या कागदावर मिळते तो म्हणजे रेल्वे सवलतीचा दाखला. ठरलेल्या नमुन्यात सरकारी डॉक्टर लिहून देतात की ही व्यक्ती सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही. पार्कवाल्यांना हे वाक्य पटतं. ज्यांच्याकडं हा दाखला नाही त्यांनी नेहमीच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्याव्यात: नाव, निदान, आणि ‘जेवण, शौच, चालणं यासाठी पूर्णवेळ सोबती आवश्यक’. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि अलीकडची तारीख हवी. ऑटिझम असलेल्या किंवा मतिमंद मुलांच्या पालकांनी तर हे पत्र घेतल्याशिवाय निघूच नये. मूल धडधाकट दिसतं, आणि मग खिडकीवर त्याच्या देखत सगळं समजावून सांगावं लागतं. तो त्रास मुलालाही होतो. त्याला कळत नाही असं समजू नका.

हा दाखला प्रवासातही कामाला येतो. हाडांचं अपंगत्व असलेले किंवा पक्षाघात झालेले, मतिमंद, आणि पूर्ण अंध अशा ज्यांना सोबत्याशिवाय जाता येत नाही, त्यांना रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, सेकंड एसीत ५० टक्के सवलत आहे, आणि बरोबरच्या एका सोबत्यालाही तेवढीच. ज्यांना ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही त्यांना स्लीपरमध्ये ५० टक्के. चौघांच्या बंगळुरूच्या फेरीत इथं वाचणारी रक्कम कधी कधी पार्कच्या सवलतीहून मोठी निघते. तरी लोक खिडकीवर शंभर रुपयांसाठी भांडतात आणि रेल्वेचा दाखला मात्र काढलेला नसतो.

नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं

ही खास आपल्या सीमाभागातली अडचण आहे, पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडणार नाही. ओळखीतल्या एका मुलाचं नाव ज्ञानेश्वर. मराठी शाळेतल्या दाखल्यावरून आधार काढलं, त्यावर इंग्रजी नाव डी-एन-वाय-ए-एन असं सुरू होतं. अपंगत्वाचा अर्ज भरणाऱ्यानं कन्नड पद्धतीनं जे-एन-ए-एन असं टाइप केलं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण तिकिटाच्या खिडकीवर ही दोन वेगळी मुलं झाली, आणि बाप पोराला कडेवर घेऊन ‘हा तोच आहे ओ’ म्हणत राहिला. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, यातही असाच गोंधळ होतो. आता युडीआयडीचा अर्ज आधार जोडूनच होतो, म्हणून अर्जाला बसण्याआधी आधारवरचं स्पेलिंग नीट करून घ्या. ज्यांची दोन्ही कार्डं निघून गेली आहेत त्यांनी फरक असलेल्या कार्डात दुरुस्ती टाकावी. खेड्यातल्या लोकांनी ग्रामपंचायतीच्या पुनर्वसन कार्यकर्त्याला गाठावं. सगळे त्यांना ‘व्हीआरडब्ल्यू’ म्हणूनच ओळखतात, आणि असे अर्ज त्यांच्या हाताखालून रोज जातात.

दुसरा प्रश्न जुन्या कागदी सर्टिफिकेटाचा. ते कन्नडमध्ये असलं तर खोपोलीच्या खिडकीवर वाचणार कोण? उलट चिकोडी, कागवाडकडचे लोक मिरजेला, कोल्हापूरला उपचार घेतात, त्यांच्याकडं मराठी कागद असतात आणि ते बिडदीला अडतात. कायदा इथं आपल्या बाजूनं आहे. अपंगत्वाचा दाखला देशभर वैध असतो, हे कलम ५८ मध्ये स्पष्ट लिहिलंय. ‘तुमचं कार्ड कर्नाटकचं, इथं चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे हे कलम सांगा. मात्र कार्ड वैध असलं म्हणून सवलत देणं बंधनकारक होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एकत्र करून वाद घातला की आपलीच बाजू पडते. मूळ कार्ड बरोबर ठेवा आणि डिजिलॉकरमध्येही उतरवून ठेवा. निघण्याआधी कार्डाची मुदत बघा. लहान मुलांची कार्डं बऱ्याचदा ठरावीक वर्षांपुरतीच असतात.

कुणाचं तरी कार्ड घेऊन भलत्याच माणसाला सवलतीत घुसवणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि असे प्रकार झाले की पुढच्या प्रत्येक खऱ्या पालकाकडं खिडकीवरचा माणूस संशयानं बघतो.

हिशेब न करता दिव्यांग सवलतच धरून बसणं

सहसा दोन ऑफर एकत्र लागत नाहीत. समजा तिकीट १,२०० रुपये आहे आणि दिव्यांगाला २५ टक्के सूट, बाकीच्यांना काही नाही. चौघांचे ४,५०० होतात. त्याच आठवड्यात मंगळवारी सगळ्यांनाच १५ टक्के कमी असेल तर चौघांचे ४,०८० होतात. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण हे गणित प्रत्येक वेळी मांडून बघा. सांगितलेली किंमत १८ टक्के जीएसटी धरून आहे की सोडून, तेही विचारा. आणि आपल्या मुलांसाठी मंगळवार-बुधवार तसाही बरा. रांग छोटी, आवाज कमी, राईडवरच्या माणसाला दोन मिनिटं थांबायला वेळ असतो.

बसच्या पासावर सगळं अवलंबून ठेवणं

कर्नाटकातला दिव्यांगांचा बस पास राहत्या ठिकाणापासून १०० किलोमीटरपर्यंत चालतो. बेळगावहून धारवाड, हुबळी त्यात बसतं, बंगळुरू बसत नाही. आई सोबती असेल तर २०२३ पासूनच्या शक्ती योजनेत तिचा राज्यातला प्रवास साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये फुकट होतो. राजहंस, स्लीपर, एसी त्यात येत नाहीत. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र तिच्याजवळ हवं. कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेलात की नियम बदलतात, म्हणून तिथून पुढचं भाडं पूर्ण धरूनच बजेट करा.

तिकीट मिळालं म्हणजे राईड मिळाली असं समजणं

सवलत प्रवेशाची असते. राईडवर बसवायचं की नाही हे सुरक्षेवर ठरतं. दोन्ही हातांनी दांडी धरता येते का, मान स्वतः सावरता येते का, उंची किती, फिट येते का, हे बघतात. थोरलीच्या वेळी राईडवरच्या पोरानं तिची बोटं दांडीवर ठेवून पाहिली. डावा हात धरत होता, उजवा सुटत होता. त्यानं नाही म्हटलं, आणि ते बरोबर होतं. मला राग आला तो एवढ्याचाच, की हे आधी समजलं असतं तर अर्धा तास उन्हात रांग लावून तिला तिथवर आणलं नसतं. म्हणून आत गेल्या गेल्या मदत कक्षात जा, मुलाला काय जमतं ते सांगा आणि कुठल्या राईड चालतील त्यावर खुणा करून घ्या. व्हीलचेअर तिथं मिळत असेल तर अनामत किती तेही तिथंच कळतं. आपली रोजची नेली तर उत्तम, मुलाचं अंग तिला सरावलेलं असतं.

पाण्याच्या बाजूला आणखी एक अडचण. वॉटर पार्कात नायलॉनचे कपडे लागतात, साडी, सलवार, धोतर, सुती कपडे चालत नाहीत. आमच्या घरात पोरीला पाण्यात धरायची सवय आईला, आणि आई साडीत. ती काठावर उभी राहिली, मी आत गेलो, आणि पोर माझ्या हातात घाबरून रडायला लागली. शेवटी तिथल्या दुकानातून कॉस्च्युम भाड्यानं घेतला, तेव्हा कुठं ती आईला बिलगून पाण्यात हसली. सोबती म्हणून जो जाणार त्याचे कपडे आधी भरा, मुलाचे नंतर.

आणि कपडे बदलायची जागा. दहा वर्षांच्या पोरीला बाप कुठंही आडोशाला नेतो, पंधरा वर्षांच्या पोरीला नाही नेता येत. मोठा झालेला मुलगा आईबरोबर असला तरी तीच अडचण. बायकांच्या खोलीत बाप जाऊ शकत नाही, आणि पोर एकटी कपडे बदलू शकत नाही. कुटुंबासाठी वेगळी खोली आहे का, तिथं आडवं झोपवायला बाकडं आहे का, दारातून व्हीलचेअर आत जाते का, हे फोनवर विचारा. दुसऱ्या वेळी मी सवलतीच्या आधी हेच विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, ‘थांबा, बघून सांगते,’ आणि खरंच जाऊन दाराची रुंदी मोजून तिनं परत फोन केला.