आधी पायपुसणी उचला

पक्षाघाताच्या (स्ट्रोकच्या) सौम्य झटक्यानंतर दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर ‘हलका व्यायाम’ एवढंच लिहिलेलं असतं. हलका म्हणजे किती, हा प्रश्न घरी आल्यावर पडतो. म्हणून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या: बीपी कितीच्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम करायचा नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पडलं, डोक्याला लागलं तर काय करायचं.

मग घर. सगळ्यात आधी पायपुसणी उचला. हात-पाय ‘तसे बरे’ दिसत असले, तरी अधू बाजूचं पाऊल पुरतं उचललं जात नाही. पडायला सरकतं पायपुसणं किंवा चार्जरची वायर पुरते. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. न्हाणीघरात रबरी मॅट, बसायला न सरकणारं स्टूल आणि भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेलचा रॉड आधाराला धरू नका, उपटून हातात येतो. खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. आतून कडी लावायची नाही, हे मात्र घरातल्या मोठ्या माणसाला पटवायला दांडा बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो!

व्यायामाला एक जड, हातांची, बिनचाकांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यावरून सावकाश उठणं-बसणं हाच पहिला व्यायाम. पलंगावरून उठताना मिनिटभर पाय खाली सोडून बसावं. उठायला मदत करताना अधू हात धरून ओढू नका, खांदा दुखावतो. चालणं आधी घरातल्या घरात, सोबत कोणीतरी हवं. चालता चालता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की बसायचं. पुढे डॉक्टरांच्या संमतीने दहा-दहा मिनिटं, आठवड्यातून चारदा, इथवर पोचता येतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. कपालभाती किंवा श्वास रोखून जोर लावणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शेजारचे काका वाद घालतील, घालू द्या.

थकव्यासाठीही जागा ठेवा. हा थकवा बाहेरून दिसत नाही, म्हणून ‘काल तर एवढं चाललात’ असं आपण बोलून जातो. बरं वाटलेल्या दिवशी दुप्पट चालायचा मोहही आवरावा लागतो.

शेवटी फ्रिजच्या दारावर एक कागद: तोंड वाकडं झालं, हात खाली गळला, बोलणं अडखळलं, तर लगेच 108. पाच मिनिटांत ओसरलं तरीही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून शेजारी पेन बांधून ठेवा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता, ती वेळ दवाखान्यात विचारतातच.