साथीची बातमी आली की आपला पक्ष थोडा बाजूला कसा ठेवायचा

एप्रिल 2021 मधलं कोरोनाच्या लसीचं भांडण आठवतंय ना, शिकायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले 14 लाख डोस उरलेत, तीन दिवस पुरतील. लगेच तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर म्हणाले महाराष्ट्राकडे 23 लाख आहेत. झालं, आघाडीवाले म्हणे केंद्र दुजाभाव करतंय, भाजपवाले म्हणे राज्य खोटं बोलतंय, आणि ज्याच्या घरी जो चॅनल लागतो त्याला तेच खरं वाटलं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे आकड्यात काय काय धरलंय ते बघा. केंद्राचाच हिशोब घ्या, पाठवले 1 कोटी 6 लाख, वापरलेले आणि वाया गेलेले मिळून साडेनव्वद लाख, मग शिल्लक साधारण साडेपंधरा लाख. 23 कसे झाले, तर अजून पोचायचे होते ते जवळपास साडेसात लाख त्यात मिळवले होते. म्हणजे हातातल्या साठ्याबद्दल दोघं जवळजवळ सारखंच सांगत होते!! आणि त्याच आठवड्यात मुंबईतली बरीच सेंटर्स लस नाही म्हणून बंद पडली, रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पाईपलाईनमधला डोस काय कामाचा.

मग खरा वाद कुठे उरतो ते शोधा. इथे तो वाया गेलेल्या डोसचा होता, जावडेकर म्हणत होते 5 लाखांच्या वर म्हणजे 6 टक्के, टोपे म्हणत होते 3 टक्के. भांडायचं तर यावर भांडा ना.

दुसरं, बातमीतली पक्षांची नावं मनातल्या मनात उलटी करून परत वाचा. तेव्हाही तेवढाच राग येतो का? नसेल येत तर तो राग आजाराबद्दलचा नाहीये, आणि हे स्वतःपाशी कबूल करणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्या रागातच लोक लस घ्यायची की नाही हे ठरवत होते.

लस घ्यावी का, औषध कुठलं, हे पुढाऱ्याला किंवा अँकरला विचारू नका, तुमची फाईल माहीत असलेल्या डॉक्टरला विचारा. साठा आहे का ते सेंटरवर किंवा आशाताईंना विचारा, चॅनलपेक्षा आधी कळतं.

आणि ग्रुपवर काकांनी काही टाकलं तर तुम्ही अमुक पक्षाचे म्हणून असं बोलताय असं लिहू नका, तिथेच बोलणं संपतं. एवढंच विचारा, काका, यात वाटेतले डोस धरलेत का?