पार्टिशन दिसत नाही? डिस्कवर काही लिहिण्याआधी या चुका टाळा

काल रात्रीपर्यंत नीट उघडणारी ‘ई’ ड्राइव्ह आज सकाळी गायब झाली, तरी आतला डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. बिघडलेली असते ती त्याची अनुक्रमणिका, म्हणजे कुठलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, जसं ‘ई’ ड्राइव्ह) कुठून सुरू होतं, कुठे संपतं आणि फाइल कुठे ठेवली आहे याची नोंद. कधी ती नोंदही शाबूत असते, फक्त समोरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला वाचता येत नाही. डेटा खरोखर हातचा जातो तो यानंतर, घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत.

इथे बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांमधून ज्या डिस्क माझ्याकडे येतात, त्यांत घरातल्या मोडी कागदांचे स्कॅन असतात, मुंजी-लग्नांचे व्हिडिओ असतात, भजनी मंडळाची जुनी रेकॉर्डिंग असतात. यातलं काहीही दुकानात पुन्हा मिळत नाही. म्हणून माझा सगळा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: कारण कळेपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहिलं जाता कामा नये. फक्त वाचायचं.

फॉरमॅटच्या चौकटीवर ‘हो’ दाबणं

“काका, फॉरमॅट करू का असं विचारलं तेव्हा काय दाबलंत?” हा माझा पहिला प्रश्न असतो, कारण पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. विंडोजला फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइल मांडून त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत) ओळखता आली नाही की ती सांगते, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. वाचणाऱ्याला वाटतं, आता दुसरा मार्गच उरला नाही. प्रत्यक्षात विंडोजला इथलं काही वाचता आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. चौकट रद्द करा आणि डिस्क काढून ठेवा.

चुकून ‘हो’ दाबलं गेलं असेल तर काय वाचेल, हे डिस्क कुठल्या प्रकारची आहे त्यावर अवलंबून असतं. फिरत्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट नव्या रिकाम्या नोंदी मांडतो, जुना डेटा बराचसा तसाच पडून असतो. फुल फॉरमॅटमध्ये मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढे संपूर्ण पार्टिशनवर शून्यं लिहिली जातात, त्यानंतर काही उरत नाही. एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कवर) क्विक फॉरमॅटही घातक ठरतो, कारण विंडोज त्याबरोबरच ‘ट्रिम’चा, म्हणजे ही जागा आता लागत नाही असा, आदेश पाठवते आणि एसएसडी ती जागा आतून मोकळी करायला लागते. अशा वेळी कॉम्प्युटर ताबडतोब बंद करणं एवढंच हातात असतं, आणि तरीही आशा थोडीच.

विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडल्याबरोबर येणारी ‘इनिशियलाइझ डिस्क’ची चौकट तितकीच धोक्याची आहे. एमबीआर हवं की जीपीटी (पार्टिशनची नोंद, म्हणजे पार्टिशन टेबल, लिहिण्याच्या दोन पद्धती), असं ती विचारते. कोऱ्या डिस्कसाठी ती योग्यच. पण डेटा असलेल्या डिस्कवर ती आली, तर पार्टिशन टेबल वाचता आलेलं नाही असं समजा. एमबीआर पद्धतीत हे टेबल डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये (लहानशा कप्प्यात) असतं. तो सेक्टर ५१२ बाइटचा, आणि त्यातलं टेबल जेमतेम ६४ बाइटचं: १६ बाइटच्या ४ नोंदी. एवढीशी जागा खराब झाली की अख्खी डिस्क ‘अनअलोकेटेड’ (पार्टिशन नसलेली रिकामी जागा) दिसू लागते. जीपीटीत सोय जास्त चांगली आहे. टेबलाची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला असते आणि दुसरी अगदी शेवटी, त्यामुळे सुरुवातीची बिघडली तरी शेवटच्या प्रतीवरून ती पुन्हा उभी करता येते. मात्र त्या चौकटीत जीपीटी निवडून ‘ओके’ केलंत, तर नवं रिकामं टेबल दोन्ही टोकांना लिहिलं जातं. जी प्रत डेटा वाचवणार होती, तीच पुसली जाते.

नीट न बघता उपाय सुरू करणं

दिसत नाही म्हणजे नेमकं कुठे दिसत नाही, हे आधी ठरवा. ‘धिस पीसी’मध्ये, डिस्क मॅनेजमेंटमध्ये, की बायॉसमध्येसुद्धा (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर)? स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि नुसतं बघा.

पार्टिशन ‘हेल्दी’ आहे, आकारही बरोबर आहे, फक्त नावापुढे अक्षर नाही, असं असेल तर नशीब चांगलं. राइट क्लिक करून ड्राइव्हचं अक्षर दिलं की काम झालं. पण अक्षर नसलेलं प्रत्येक पार्टिशन हरवलेलं नसतं. कॉम्प्युटर सुरू करायला लागणारं साधारण १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन आणि काहीशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन यांना अक्षर नसणंच अपेक्षित आहे. वाया गेलेली जागा समजून ती उडवणारे लोक दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होत नाही म्हणून येतात.

डिस्क ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर आठवा, तिचा क्लोन (हुबेहूब प्रत) केला होता का? मूळ आणि क्लोन दोघांची ओळखखूण सारखीच असते, म्हणून विंडोज त्यातली एक बाजूला ठेवते. ‘ऑनलाइन’ केलंत तर तिला नवी ओळखखूण मिळते. तोच क्लोन पुढे बूट करायचा (त्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा) असेल, तर ऑनलाइन न करता दुसरी डिस्क काढून ठेवणं बरं.

‘रॉ’ असं लिहून आलं तर पार्टिशनची हद्द सापडली आहे, आतली फाइल सिस्टीम वाचता येत नाही. इथेच फॉरमॅटचा मोह होतो, त्याविषयी वर लिहिलंच आहे.

डिस्क कुठेच दिसत नसेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. केबल बदला, पोर्ट बदला. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर करंट मिळतो, यूएसबी ३ मधून ९००. अडीच इंची पोर्टेबल डिस्क टॉवरच्या पुढच्या पोर्टवर अडखळते आणि मागच्या पोर्टवर सुरळीत चालते, हे मी नेहमी पाहतो. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, तिचा स्वतःचा अडॅप्टर हवा. टकटक असा ठराविक आवाज येत असेल तर तत्क्षणी बंद करा आणि पुन्हा लावून बघू नका. तो बिघाड यांत्रिक असतो, घरी सुटत नाही.

चांगल्या डिस्कला खराब ठरवणं

लिनक्सच्या एक्स्ट४ किंवा मॅकच्या एपीएफएस फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला लावली की तीच फॉरमॅटची सूचना येऊ शकते. डिस्कला काही झालेलं नसतं. आधी ती कुठल्या कॉम्प्युटरवर वापरली होती ते विचारा आणि तिथेच उघडा.

उलट्या दिशेनेही असंच होतं. लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही असतील, तर विंडोजचं पार्टिशन उबुंटूत उघडायला नकार येतो. कारण बहुतेकदा ‘फास्ट स्टार्टअप’. शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट हायबरनेट झालेली (आपली स्थिती डिस्कवर साठवून झोपलेली) असते, आणि अशा पार्टिशनवर लिहिणं धोक्याचं म्हणून लिनक्स थांबतं. जबरदस्तीने माउंट करायचे (पार्टिशन जोडून उघडायचे) उपाय सर्रास सांगितले जातात, ते करू नका. शिफ्ट दाबून विंडोज शटडाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा.

बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची, गोष्ट वेगळी. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की बहुधा त्याच खात्यात साठवलेली असते. डिस्क दुसरीकडे लावण्याआधी किंवा बायॉसमध्ये काही बदलण्याआधी ती कागदावर उतरवून ठेवा. की नसेल तर कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

विंडोज इन्स्टॉल करताना डिस्कच न दिसणं

एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलं नव्या लॅपटॉपवर स्वतः विंडोज किंवा लिनक्स टाकतात, त्यांची ही हमखास अडचण. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपवर ‘व्हीएमडी’ (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं, आणि त्याचा ड्रायव्हर नसेल तर इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण आधीची विंडोज त्यावर असेल तर ती निळा स्क्रीन दाखवून थांबते. घाबरून रिसेट करू नका. सेटिंग पूर्ववत केली की तीच विंडोज पुन्हा सुरू होते.

आजारी डिस्कवर चेक डिस्क चालवणं

विंडोजचं दुरुस्तीचं साधन, चेक डिस्क, चालवा हा सल्ला सगळेच देतात, म्हणून जास्त जपायला हवं. चेक डिस्कचं काम फाइल सिस्टीम सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फाइल वाचवणं नाही. जी नोंद जुळत नाही ती चेक डिस्क कापून टाकते. डिस्कचे सेक्टर मरत असतील तर त्या ओढाताणीत उरलेलंही जातं. आधी क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या प्रोग्रॅमने स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच ठेवते ती तिच्या तब्येतीची नोंद) बघा. ‘रीअलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेल्या) किंवा ‘करंट पेंडिंग’ (नीट वाचता न आलेल्या) सेक्टरचा आकडा वाढत असेल, तर दुरुस्ती बाजूला ठेवून आधी संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू यासाठी उत्तम आहे: ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, हट्टी सेक्टर नंतरसाठी ठेवतं, आणि मध्येच थांबलं तर होतं तिथून पुढे सुरू होतं. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

केसिंगमधून डिस्क बाहेर काढणं

एक्स्टर्नल डिस्कच्या केसिंगचं (बाहेरच्या डबीचं) पोर्ट तुटलं, म्हणून आतली डिस्क काढून सरळ सीपीयूला लावली आणि पार्टिशन नाहीसं झालं, असं झालं असेल तर डिस्कला दोष देऊ नका. काही केसिंगमधलं सर्किट मोठ्या डिस्कचे सेक्टर ४,०९६ बाइटचे आहेत असं सांगतं, आणि पार्टिशन टेबल त्याच हिशेबाने लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरच्या आतल्या सॅटा पोर्टवर थेट लावल्यावर तीच डिस्क ५१२ बाइटचा हिशेब सांगते, सगळे पत्ते चुकतात. काही एक्स्टर्नल डिस्कमध्ये तर ते सर्किटच एन्क्रिप्शन करतं. दोन्ही वेळा पहिला उपाय म्हणजे मूळ केसिंग दुरुस्त करणं किंवा त्याच मॉडेलचं मिळवणं.

पाण्यात भिजलेली डिस्क लावून बघणं

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांत कॉम्प्युटर पाण्याखाली गेले, ते बडोदेकरांना सांगायला नको. भिजलेली हार्ड डिस्क वाळवून ‘एकदा चालते का बघू’ म्हणून लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. बहुतेक हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून गढूळ पाणी आत जातं. ते वाळलं की गाळाचा थर प्लॅटरवर (आतल्या तबकडीवर) चिकटतो, आणि वीज मिळताच डेटा वाचणारं हेड त्यावर घासतं. ड्रायर नको, तांदळात ठेवणं नको, उघडणं तर मुळीच नको. ओलसर अवस्थेतच बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे द्या.

परत मिळवताना

डिस्क शाबूत आहे आणि फक्त टेबल बिघडलं आहे अशी खात्री झाली, तर टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा असतो. तो दुसऱ्या डिस्कवरून चालवा. ज्या डिस्कवरून डेटा काढायचा तिच्यावरच रिकव्हरी सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणारे लोक दर वेळी भेटतात. विश्लेषणात जुनं पार्टिशन सापडलं की आधी त्याच्या आतल्या फाइलींची यादी बघा. ओळखीचे फोल्डर दिसले तर लगेच ‘राइट’ करू नका, तिथूनच फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. टेबल लिहिणं त्यानंतर. फोटोरेक हा त्याचाच जोडीदार शेवटच्या वेळेसाठी ठेवा, कारण तो फाइल शोधतो पण त्यांची नावं आणि फोल्डर परत देत नाही.

दुकानात देणार असाल तर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि पावतीवर ‘डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये’ असं लिहवून घ्या. डिस्क परत चालू करणं आणि डेटा परत मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि न सांगितल्यास कारागीर पहिलं करून देतो.

डेटा मिळाला की नवी प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नुसती नावं नकोत, मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून आणि स्कॅन मोठे करून बघा. ते झाल्यावरच जुनी डिस्क इनिशियलाइझ करायला हरकत नाही, तीही स्मार्ट अहवाल चांगला असेल तरच.