प्लेटिंगच्या धुवणातील जस्त जिवाणूंच्या साहाय्याने कसे अडवावे

भोसरी, चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या जोडीने जस्त, निकेल आणि क्रोमियमचा मुलामा देणारे लहान कारखानेही चालतात. मुलामा दिलेले भाग ज्या पाण्यात धुतले जातात, त्या पाण्यातून हे धातू बाहेर पडतात. अशा धुवणावर जिवाणूंचा प्रयोग करून पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि कारखान्यांतील रसायनतज्ज्ञांसाठी ही कृती आहे. जिवाणू सेंद्रिय घाण खाऊन संपवतात, तसा धातू संपवत नाहीत. धातू हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन होत नाही. जिवाणू त्याला फक्त विरघळलेल्या रूपातून न विरघळणाऱ्या रूपात नेतात. त्यामुळे प्रयोगाच्या संचात, म्हणजे जिवाणू असलेल्या पाइपात, किती धातू गेला, किती बाहेर आला आणि किती आत राहिला, याचा हिशेब जुळेपर्यंत प्रयोग यशस्वी झाला असे म्हणू नये.

जस्त, तांबे, शिसे आणि कॅडमियम यांसाठी सल्फेटचे क्षपण (ऑक्सिजन काढून घेण्याची क्रिया) करणारे जिवाणू सर्वांत भरवशाचे आहेत. ते हवेशिवाय वाढतात आणि पाण्यातील सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात. धातूंची सल्फाइडे अत्यल्प विद्राव्य असल्याने ती खाली बसतात. नेदरलँड्समधील बुडेल येथील जस्ताच्या कारखान्यात याच तत्त्वावर १९९२ पासून दूषित भूजलावर प्रक्रिया होत आली आहे.

प्रथम पाण्याची तपासणी करावी. एकूण धातू मोजण्याच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणतात, परंतु हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या, म्हणजे क्रोमियमच्या घातक रूपाच्या, नमुन्यात आम्ल घालू नये. तो थंड ठेवून २४ तासांत तपासावा. सुरुवातीच्या काळात मी दोन्ही नमुन्यांत आम्ल घातले, तेव्हा पाण्यातील सेंद्रिय पदार्थांनी क्रोमियमचे रूप बाटलीतच बदलले आणि घातक क्रोमियम जवळपास शून्य असल्याचा चुकीचा निष्कर्ष हाती आला. सायनाइडयुक्त बाथचे (मुलामा देण्याच्या द्रावणाचे) धुवण या संचात मुळीच सोडू नये. क्रोमियमचे धुवणही वेगळे ठेवावे, कारण त्याची मात्रा जास्त असल्यास जिवाणू मरतात. पाऱ्यासाठी तर ही पद्धत वापरूच नये, कारण याच गटातील काही जिवाणू पाऱ्याचे रूपांतर त्याहून विषारी मिथाइल पाऱ्यात करतात.

अशा जिवाणूंची शुद्ध संवर्धने (प्रयोगशाळेत वाढवलेले एकाच जातीचे जिवाणू) पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहासारख्या ठिकाणी ठेवलेली असतात. तरीही या कामासाठी मी स्थानिक मिश्र संवर्धनच पसंत करतो, कारण खुल्या सांडपाण्यात एकच जात शुद्ध राहत नाही. मुळा-मुठेच्या संथ भागातील, सडक्या अंड्यासारखा वास येणारा काळा गाळ हातमोजे घालून पृष्ठभागाखालून घ्यावा आणि बाटली काठोकाठ भरावी. सोडियम लॅक्टेट, सल्फेट आणि किंचित लोहक्षार असलेल्या माध्यमात त्याचा थोडा भाग टाकून घट्ट बंद बाटली ३० अंश सेल्सिअसला ठेवावी. एक-दोन आठवड्यांत माध्यम काळेभोर झाले, तर सल्फाइड तयार होत आहे असे समजावे. त्यातील दहावा भाग ताज्या माध्यमात घालून हीच क्रिया आणखी दोनदा करावी.

संचासाठी १० सेंटिमीटर व्यासाचा आणि १ मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप पुरतो. त्यात खडी, चुनखडीचे तुकडे, लाकडाचा भुसा आणि कुजलेले शेणखत मिसळून भरावे. चुनखडी सामू ६.५ ते ८ च्या दरम्यान राखण्यास मदत करते आणि शेणखत जिवाणूंना अन्न पुरवते. पोकळीत साधारण ३ लिटर पाणी मावते, म्हणून दिवसाला १ लिटर सोडल्यास पाणी सुमारे तीन दिवस आत राहते. पाणी खालून वर चढवावे, म्हणजे हवा शिरत नाही. संवर्धन घातल्यावर दोन-तीन आठवडे धातूविरहित सल्फेटयुक्त पाणीच द्यावे. नंतर धुवण प्रथम दहावा भाग, मग पाव, मग अर्धे, असे चढत्या प्रमाणात मिसळावे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत क्रियेचा वेग मंदावतो. त्या दिवसांत प्रवाह कमी करणे बरे.

अन्नाचा अंदाज गणिताने बांधता येतो. लिटरमागे १०० मिलिग्रॅम जस्त असल्यास ते बसवण्यासाठी सुमारे १५० मिलिग्रॅम सल्फेटचे क्षपण व्हावे लागते आणि त्यासाठी सुमारे १०० मिलिग्रॅम सीओडी (सेंद्रिय द्रव्याच्या पूर्ण ऑक्सिडीकरणाला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) इतके सेंद्रिय द्रव्य खर्च होते. प्रत्यक्षात दुपटीने उपलब्ध ठेवावे, कारण इतर जिवाणूही त्यात वाटेकरी असतात.

अशा कामांत सर्वाधिक फसवणूक होते ती शेणखताच्या गुणामुळे. शेणखत आणि भुसा जिवाणूंशिवायही पहिले काही आठवडे धातू धरून ठेवतात. पाणी स्वच्छ दिसते आणि श्रेय जिवाणूंना दिले जाते. म्हणून तसाच दुसरा पाइप ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या) मिश्रणाने भरून, त्यातील पाणीही निर्जंतुक ठेवून शेजारी चालवावा. या पाइपातून धातू निसटू लागल्यानंतरही पहिला पाइप तो अडवत राहिला, तरच जिवाणूंचे काम सिद्ध होते. सल्फेट खरोखर कमी झाले का, तेही दर आठवड्याला मोजावे.

संच हवेशीर जागीच ठेवावा. हायड्रोजन सल्फाइड विषारी असून मात्रा वाढली की नाकाला त्याचा वास कळेनासा होतो, म्हणून वास येत नाही यावर विसंबू नये. काळ्या गाळावर आम्ल पडू देऊ नये. बाहेर येणाऱ्या पाण्यात सल्फाइड आणि सेंद्रिय द्रव्य उरते. त्याला हवा देऊन ते कारखान्याच्या प्रक्रिया केंद्रातच परत सोडावे. नदी-नाल्यात सोडण्यासाठी जस्ताची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे. प्रायोगिक संचाचे पाणी मात्र त्या मर्यादेत आले तरी थेट बाहेर सोडू नये.

शेवटी पाइप कापून थराथरातील धातू मोजावा आणि आत गेलेल्या एकूण धातूशी ताडून पाहावा. आत उरलेले मिश्रण घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा समजून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवावे. ते शेतात, बागेत किंवा खतात कदापि टाकू नये, आणि पाठवेपर्यंत उघड्यावर वाळतही घालू नये. हवा लागताच सल्फाइडाचे पुन्हा सल्फेट होते आणि महिनोन्महिने अडवलेले जस्त पहिल्या पावसात वाहून जाते.